‘आमचा बाप’ म्हणताना

‘स्मृतिचित्रे’ शिकवण्याची संधी मिळाली की मी ती सोडत नाही. अभ्यासक्रमात एखादाच उतारा असला तरी दोन तास जास्त घेते आणि पुस्तकाच्या आरंभीचे प्रकरण वर्गात वाचून दाखवते. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचे ते विलक्षण सोवळे, धुता येईल ते आणि न येईल तेही धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट, घरच्या माणसांची त्यापायी होणारी दैना हे सारे ऐकताना वर्ग मनापासून हसतो. हसून झाल्यावर हळूहळू गप्पही होतो. कारण विनोदाच्या आड एक घाबरलेले घर आहे, हे मुलांना न सांगता कळते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका तासानंतर एक विद्यार्थिनी मागे थांबली. म्हणाली, “मॅडम, तुम्ही ख्रिश्चन आहात ना? तुमच्यात देवाला बाप म्हणतात. माझा बाप रोज पिऊन येतो, आईला मारतो. मला तो शब्द देवासाठी वापरवणार नाही.”

मी तिला काय सांगितले? सांगायला लाज वाटते. पण धर्मभाषेतील रूपके, पितृसत्ताक समाजातील प्रतिमा, असे काहीतरी मी बोलले. तिने शांतपणे ऐकून घेतले, “बरं” म्हटले आणि ती गेली. उत्तर चुकीचे नव्हते, पण ते मराठीच्या अध्यापिकेचे होते. दर रविवारी उभी राहून ‘बाप’ हा शब्द उच्चारणारी जी बाई माझ्यात आहे, तिला त्या मुलीने प्रश्न विचारला होता आणि ती गप्प राहिली होती. तिचे उत्तर द्यायला मला इतकी वर्षे लागली.

आधी शब्दाविषयी. मराठीत वडिलांना ‘बाप’ म्हणणे तसे खरबरीत आहे. सभ्य घरात ‘वडील’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी क्रियापद अनेकवचनी येते. ‘बाप’ एकवचनी आहे, तो ‘येतो’ आणि ‘जातो’. शिवीतही हा शब्द सहज बसतो. त्याच वेळी ज्ञानदेवांच्या अभंगांतली ‘बापरखुमादेवीवरु’ ही नाममुद्रा आठवली की याच खरबरीत शब्दात केवढी माया मावते तेही कळते. आमच्या संतांनी देवाला बाप म्हटले, पण त्याहून कितीतरी अधिक वेळा माउली म्हटले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा ते ही माउली मागे ठेवून आले नाहीत. ख्रिस्तालाच आई म्हणून हाक मारण्याचे धाडस त्यांनी केले आणि मराठी उपासनेला ते इतके मानवले की त्यात काही धाडस होते हे आज कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तरीही रोजच्या प्रार्थनेत शब्द येतो तो ‘बाप’ किंवा ‘पिता’. पुस्तक मिटून कुणी आपल्या शब्दांत प्रार्थना करू लागला की ‘पिता’ हा शब्द मागे पडतो आणि तोंडून ‘देवबापा’ असेच निघते. गंमत अशी की आम्ही भावंडे घरातल्या बापाला ‘तुम्ही’ म्हणत होतो आणि स्वर्गातल्या बापाला ‘तू’. स्वर्गातला अधिक जवळचा, असा याचा अर्थ लावता येईल. लहानपणी मला मात्र त्या ‘तू’चीही भीती वाटायची, कारण प्रार्थना करणारा आवाज घरातल्या बापाचा होता.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टर्नर होते. आमचे घराणे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले, महारवाड्यातले. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर पणजोबा लहानपणीच मिशनच्या शाळेत गेले आणि पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पोटासाठी बाटले, असे गाव म्हणाले. यावर आमच्या आजोबांचे उत्तर ठरलेले असे. पोट देवानेच दिले आहे, तेव्हा त्याच्यासाठी देवाकडे जाण्यात लाजायचे काय? वडिलांमध्ये आजोबांचा हा खेळकरपणा उतरला नव्हता. कारखान्याचा भोंगा, चर्चची घंटा आणि संध्याकाळी सात वाजताची घरची प्रार्थना या तीन वेळा त्यांनी आयुष्यात कधी चुकवल्या नाहीत. जिन्यावर त्यांची पावले वाजली की आमचा खेळ थांबायचा. थोरल्या भावाने पट्ट्याचा मार खाल्लेल्या संध्याकाळीही सातला प्रार्थना झाली आणि वडिलांनी भरलेल्या आवाजात प्रेमळ देवबापाचे आभार मानले. मी डोळे उघडे ठेवून भावाकडे पाहत होते. म्हणजे त्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला नवा नव्हता. तो मी आठव्या वर्षीच गिळला होता.

मग मी हा शब्द टाकून का दिला नाही? याचे उत्तर मला धर्मशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा पुण्याच्या इतिहासात अधिक स्पष्ट सापडले.

ख्रिस्ती विश्वासाच्या अंगीकारात देवाविषयी पहिल्याच दमात दोन गोष्टी जोडीने येतात. तो बाप आहे आणि तो सर्वांचा निर्माणकर्ता आहे. हे दोन शब्द सुटे घेतले तर दोन्ही सोयीचे आहेत. नुसता निर्माणकर्ता दूरचा असतो. त्याने जग केले, काम संपले, आता आपण आणि आपले जग. नुसता बाप घरगुती असतो. तो माझा, माझ्या कुळाचा, माझ्या मंडळीचा. अडचण सुरू होते ती दोन्ही शब्द एकाच तोंडाने म्हटले की. ज्याने सर्वांना केले तोच जर बाप असेल, तर त्याने केलेले प्रत्येक माणूस त्याचे लेकरू ठरते आणि माझे कुणीतरी लागते. ‘आमचा’ या सर्वनामातून मग कुणालाच वगळता येत नाही.

पुण्यात हे सूत्र सर्वांत स्वच्छपणे ज्याने पाहिले, तो माणूस ख्रिस्ती नव्हता. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी त्यांची मैत्री राहिली, परंतु त्यांनी धर्मांतर केले नाही. देवासाठी त्यांनी ‘निर्मिक’ हा शब्द वापरला. ज्याने निर्माण केले तो. त्याचे दुसरे वर्णन नाही, मूर्ती नाही, मध्ये दलाल नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा त्यांचा अखेरचा ग्रंथ. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर त्यांनी तो डाव्या हाताने लिहिला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये तो छापला गेला. निर्मिक एक, म्हणून सर्व स्त्री-पुरुष एका कुटुंबातले, हा त्या ग्रंथाचा पाया आहे. पण ग्रंथाच्या कितीतरी आधी, १८६८ मध्ये, जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. १८७४ मध्ये एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतले. निर्मिकावरचा विश्वास म्हणजे हौद उघडणे आणि परक्याच्या लेकराचा बाप होणे, अशी या विश्वासाची व्याख्या त्यांनी आधी जगून दाखवली आणि मग लिहिली.

त्याच पुण्यात १८९० चे पावसाळ्यानंतरचे दिवस पाहा. ऑक्टोबरात गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी निमंत्रणावरून गेली. तिथे चहा-बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशांनी हजर मंडळींची नावे छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उसळले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पुढे न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. नोव्हेंबरात पंडिता रमाबाईंचे शारदासदन मुंबईहून पुण्यास आले. आणि त्याच नोव्हेंबरच्या २८ तारखेला जोतीराव वारले. एकाच शहरात, दोन महिन्यांच्या आत, एक माणूस सर्वांचा निर्मिक एक आहे असे लिहून डोळे मिटतो आणि त्याच शहरातले विद्वान एका कप चहाने कोण बाटले याचा हिशेब मांडतात. हा प्रसंग वाचताना मी अनेक वर्षे फुल्यांच्या बाजूला उभी राहून त्या चहावाल्यांना हसत असे. हसण्याचा माझा अधिकार किती, ते पुढे सांगते.

रमाबाईंचा मुद्दा बापाशी अधिक जोडलेला आहे. त्यांना पृथ्वीवरचा बाप चांगला मिळाला होता. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. दुष्काळात, १८७४ मध्ये, अन्नान्नदशेत त्यांचा अंत झाला. त्या शेवटच्या दिवसांत म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या बापाने आपल्याला घट्ट जवळ धरून देवाची सेवा कर असे सांगितल्याची आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु तिथल्या धर्माधिकाऱ्यांपुढेही त्या मुकाट्याने वाकल्या नाहीत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलेली बाई दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नव्हती. १८९३ मध्ये शारदासदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या संशयावरून पुण्यात वादळ झाले, सल्लागार मंडळी दूर झाली, पालकांनी मुली नेल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने व्याकूळ झालेल्या मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. रमाबाईंची मुलगी मनोरमा तिथे अंध स्त्रियांना ब्रेल शिकवत असे.

या स्त्रियांपुढे ‘देव बाप आहे’ हे वाक्य उच्चारणे किती अवघड असेल, याचा विचार मी पूर्वी केला नव्हता. त्यांच्यात ज्यांना बापानेच अजाण वयात म्हाताऱ्याला देऊन टाकले अशा होत्या, ज्यांचा बाप दुष्काळात मेला अशाही असतील. रमाबाईंनी त्यांना आधी शब्द दिला नाही. आधी भाकरी दिली, मग अंथरूण, मग काम, मग अक्षरे. शब्द शेवटी आला. आणि तो शब्द त्यांना त्यांच्याच भाषेत कळावा म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. अल्पशिक्षित बाईला ते वाचता यावे असा त्यांचा हेतू होता. खिळे जुळवण्यापासूनची छपाईची कामे मुक्तीतल्या स्त्रियांनी केली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. ज्यांना बाप नव्हता किंवा असून नसल्यासारखा होता, त्या स्त्रियांच्या बोटांनी ‘बाप’ हा शब्द शिशाच्या खिळ्यांनी जुळवला. माझ्या विद्यार्थिनीला मी हे सांगायला हवे होते.

आता पुन्हा ‘स्मृतिचित्रे’कडे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. नंतर जवळ आल्या, पण सोवळे सांभाळून, चूल वेगळी ठेवून. त्यांचे मन पालटले ते कुणाच्या प्रवचनाने नव्हे. एकदा त्या एकट्याच विचार करत बसल्या असता त्यांना प्रश्न पडला की जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने पशुपक्ष्यांच्या जाती केल्या त्या दिसण्यावरून ओळखू येतात. माणसांच्या जाती त्यानेच केल्या असत्या तर तसाच काही फरक शरीरात ठेवला नसता का? उत्तर मिळाले आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असा त्यांनी निश्चय केला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. माझ्या दृष्टीने त्यांच्या श्रद्धेची पहिली पायरी हीच. निर्माणकर्त्यावरचा त्यांचा विश्वास विश्वाच्या उत्पत्तीविषयी नव्हता, पाण्याच्या भांड्याविषयी होता. ज्या बापाने मीठसुद्धा धुऊन घेतले असते त्याची ही मुलगी. तिने त्या बापावर प्रेम केले, त्याला हसली आणि त्याच्या भीतीतून बाहेर पडली.

हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. आता न सांगितलेले सांगते.

खडकीच्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कान तुटलेला कप पालथा घातलेला असे. चाळीचे संडास आणि गटारे साफ करणाऱ्या मावशी सकाळी दाराशी येत. त्या कपात त्यांना चहा मिळे. चहा आमच्याच पातेल्यातला, साखर तेवढीच, सणाला सोबत केकचा तुकडा. फक्त कप वेगळा. तो धुवायच्या त्याच आणि खिडकीत पालथा घालायच्याही त्याच. घरातल्या इतर कपांत तो कधी मिसळला नाही. मला त्यात कधी काही वावगे दिसले नाही. पुढे मी मराठीत एम. ए. केले, दलित आत्मकथने वाचली आणि शिकवली, हॉटेलाबाहेर टांगलेल्या वेगळ्या कपबशांवर तावातावाने बोलले, तरी आमच्या खिडकीतला कप माझ्या डोळ्यांपुढे आला नाही.

आई गेल्यानंतर वडील एकटे राहू लागले. रविवारी उपासना झाली की मी त्यांच्याकडे जाई. एकदा गेले तर स्वयंपाकघरात मावशींची सून वडिलांसमोर खुर्चीवर बसून चहा पीत होती. तिच्या हातात आमच्या घरचा नेहमीचा कप होता. ती गेल्यावर मी खिडकीकडे पाहिले. तो कप नव्हता.

“आईचा तो कप कुठं गेला?” मी विचारले.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फेकला. आणि तो तुझ्या आईनं नव्हता ठेवला. मी ठेवायला सांगितला होता.”

मी गप्प राहिले. तेच पुढे बोलले, “तुझ्या आजोबांना गावात करवंटीत चहा मिळायचा. मी पाहिलंय. मला वाटलं, आपल्या घरात वेगळा कप असला म्हणजे आपण आता करवंटीवाले राहिलो नाही. तीस वर्षं त्याच खोलीत बसून ‘आमच्या बापा’ म्हटलं मी.” नंतर खाली पाहत म्हणाले, “तुझ्या भावालाही फार मारलं.”

माझ्या वडिलांनी क्षमा मागितलेली मी ऐकली ती एवढीच आणि तीही जिची मागायची तिची किंवा ज्याची मागायची त्याची नव्हे, माझ्यापाशी. भावाला मी फोन करून सांगितले. तो म्हणाला, “मला सांगितलं तर बरं होईल.” वडिलांनी पुढे त्याला सांगितले की नाही, हे मी विचारलेले नाही. पंचहौदाच्या मंडळींनी चहा घेतल्याचे प्रायश्चित्त घेतले होते. वडिलांना बरोबर बसून चहा न घेतल्याचे घ्यावे लागले. त्याचा विधी कुठल्याच ग्रंथात सांगितलेला नाही.

त्या दिवशी मला माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. आपल्या बापावरून देवाची कल्पना करायची असेल, तर तिने तो शब्द टाकला हेच योग्य. परंतु या शब्दाची दिशा उलटी आहे. देव हा माझ्या बापासारखा आहे, असा त्याचा अर्थ नाही. खरा बाप कसा असतो याचे एक माप त्यात आहे आणि त्या मापाला माझा बाप पुरला नाही, तिचा पुरत नाही, मीही पुरत नाही. तीस वर्षे रोज हा शब्द उच्चारणाऱ्या माणसाला शेवटी त्याच शब्दाने पकडले. तो शब्द नसता, तर कप खिडकीतच राहिला असता की काय, मला सांगता येणार नाही. अनेक घरांत तो शब्दही असतो आणि कपही असतो. एवढे मात्र खरे की तो शब्द घरात असला म्हणजे कधीतरी तो कप डोळ्यांत खुपण्याची शक्यता तरी राहते.

त्या संध्याकाळी मी घरी आले. पाणी प्यावे म्हणून ओट्याकडे गेले तर फिल्टरच्या मागे स्टीलचा एक पेला वेगळा ठेवलेला दिसला. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा. तो तिथे ठेवायचा असे कुणी ठरवले, मला आठवेना. मी ठरवले नव्हते. माझ्या नवऱ्यानेही नाही. कुणीही न ठरवता तो आठ वर्षे तिथे होता. मी तो घासून मांडणीतल्या बाकीच्या पेल्यांत ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशी ताईंना टेबलाशी बसायला सांगून दुसऱ्या पेल्यात पाणी दिले. त्या संकोचल्या. बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर.

त्याला आता बरेच दिवस झाले. ती विद्यार्थिनी शिकून नोकरीला लागल्याचे कानावर आले. तिच्या वडिलांविषयी मला काही कळले नाही. तिच्याकडून मला त्या शब्दासाठी होकार नको आहे, फक्त माझे उत्तर तिच्यापर्यंत पोचावे असे वाटते. ताई आता खुर्चीत नीट बसतात आणि मुलांच्या शाळेविषयी मोकळेपणाने बोलतात. पण पाणी प्यायचे झाले की मांडणीतल्या बारा सारख्या पेल्यांतून काठाला पोचा असलेला तो एकच पेला त्या अजूनही अचूक शोधून काढतात. मी दुसरा पुढे करते. कधी घेतात, कधी घेत नाहीत.